विश्लेषण : इंटेलला दुसऱ्यांच्या चिप का बनवायच्या आहेत?

चिपचं डिझाइन आपलं आणि कारखानाही आपलाच, या पद्धतीवर अमेरिकेची इंटेल ही कंपनी कित्येक दशकं चालली. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन सीईओ पॅट गेल्सिंगर यांनी वेगळी वाट धरली. यापुढे इंटेल इतर कंपन्यांच्या चिपही कंत्राटावर बनवेल, असं त्यांनी जाहीर केलं. या धंद्याला 'फाउंड्री' म्हणतात. त्यासाठी अॅरिझोनात २० अब्ज डॉलर्सचे दोन नवे कारखाने जाहीर झाले.

ही वेळ का आली?

अत्याधुनिक कारखान्याचा खर्च अब्जावधी डॉलर्सचा. तो फक्त स्वतःच्या चिप विकून भरून निघणं अवघड होत गेलं. त्यात तंत्रज्ञानात तैवानची टीएसएमसी पुढे निघून गेली होती आणि २०२० मध्ये ॲपलनेही मॅकसाठी इंटेलची साथ सोडायला सुरुवात केली.

ग्राहक का येत नाहीत?

१९८७ मध्ये स्थापन झालेली टीएसएमसी स्वतःच्या नावाने चिप विकत नाही. त्यामुळे एनव्हिडिया आणि एएमडी या एकमेकांच्या स्पर्धकही तिला बिनधास्त डिझाइन देतात. इंटेल मात्र एएमडीची थेट स्पर्धक. समोरच्या हलवायाला आपल्या पेढ्यांची कृती देऊन त्याच्याच भट्टीवर पेढे करून घ्यावेत, तसला हा प्रकार. शिवाय कारखाना आधी उभारावा लागतो, ग्राहक नंतर येतो. आलाच तर.

२०२४ मध्ये फाउंड्री विभागाचा तोटा १३ अब्ज डॉलर्सच्या वर गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेल्सिंगर पायउतार झाले. मार्च २०२५ मध्ये आलेल्या लिप-बू टॅन यांनी हात आखडता घेतला. ओहायोतला पहिला कारखाना २०३०च्या आधी पूर्ण होणार नाही, हे तोवर स्पष्ट झालं होतं. '१४ए' या पुढच्या तंत्रज्ञानासाठी मोठा बाहेरचा ग्राहक मिळाला नाही तर ते थांबवावं लागू शकतं, असं कंपनीने जुलै २०२५ मध्ये लेखी कळवलं.

मग सरकार कशाला आलं?

जगातल्या सर्वांत प्रगत चिप प्रामुख्याने तैवानमध्ये बनतात आणि तैवानवर चीन दावा सांगतो. ही तंत्रज्ञानाची शर्यत इंटेलने सोडली, तर त्यात एकही अमेरिकी कंपनी उरणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने इंटेलचा सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. पुढच्याच महिन्यात एनव्हिडियाने ५ अब्ज डॉलर्स गुंतवण्याची घोषणा केली. मात्र आपल्या चिप इंटेलच्या कारखान्यात बनवून घेण्याची ऑर्डर काही त्यात नव्हती.