काहिलीचा तळ : गुऱ्हाळाच्या एका उपेक्षित साधनाचा विचार

सातारा व सांगली ह्या टापूंतील दप्तरांनीं महाराष्ट्राच्या इतिहासास किती साधनें पुरविलीं, हें वाचकांस सांगणें नको. वाईस सापडलेल्या कागदांवरून राजवाड्यांनीं आपला पहिला खंड १८९८ त छापिला. मिरजेस खरेशास्त्र्यांनीं पटवर्धनी दप्तर उजेडांत आणिलें. परंतु कागदांत गूळ यावयाचा तो भावाचा जिन्नस म्हणून. तो ज्या काहिलींत शिजला, तिची विचारपूस आम्हीं संशोधकांनीं क्वचितच केली.

प्राचीन ग्रंथांतही हाच प्रकार. कौटिलीय अर्थशास्त्राच्या कोष्ठागाराध्यक्ष-प्रकरणांत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खांड व शर्करा हे पदार्थ क्षारवर्गांत गणिले आहेत. एकाच रसाच्या ह्या निरनिराळ्या अवस्थांस नांवें मिळालीं. भांड्याच्या तळाविषयीं मात्र तेथें अवाक्षर नाहीं.

आणि खरी मेख तळांतच आहे. उसाच्या रसाच्या शंभर भागांत सुमारें ८० भाग पाणी असतें; तें आटविण्यासाठीं चुलवाणांत चिपाड जाळावयाचें. उकळणारा रस तळाकडून उष्णता झपाट्यानें घेतो. पण खालून वाहणाऱ्या ज्वाळा व उष्ण धूर ती पत्र्यास फार संथपणें देतात. त्यांतच काजळीचा थर चढला म्हणजे उष्णतेच्या वाटेंत आणखी एक पडदा पडतो. उरलेली उष्णता धुराड्यावाटे निघून जाते. अडथळा असा बाहेरच्या अंगास आहे. म्हणून आंतील बाजू खडबडीत करून लाभ थोडा, उलट खांचांत रस करपून गूळ काळवंडण्याचें भय.

उपाय अर्थातच खालच्या अंगास हवा. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेच्या दोन काहिलींच्या भट्टीवर असा प्रयोग झाला व त्याचें वृत्त २०१० त प्रसिद्ध झालें. काहिलींच्या तळांस समांतर पात्या जोडिल्या. त्यांची दिशा ज्वाळांच्या वाहण्यावरून ठरविली. सपाट तळाचें क्षेत्र ह्या पात्यांनीं वाढलें आणि जळणांत सुमारें ३१ टक्के बचत झाली.

आमच्या प्रांतीं लोखंडी अवजारांचा इतिहास सांगतांना किर्लोस्करवाडीचें नांव प्रथम येतें. औंध संस्थानांत १९१० त, म्हणजे पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें त्याच वर्षीं, ती वसली. आज ती सांगली जिल्ह्यांत आहे व औंध साताऱ्यांत. तेथील नांगर व चरक ह्यांची कीर्ति छापील पानांवर राहिली. गांवोगांव ठोकून सांधलेल्या काहिलीस असें पान कोणतें? तिचा तळ हाच तिचा एकमेव लेख; आणि निकामी काहील मोडींत वजनावर गेली कीं तो लेखही वितळला.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, जुन्या वाड्यांत दप्तराचा शोध घेतांना परसांत पालथी पडलेली काहीलही पाहावी. तिचा व्यास, पत्र्याची जाडी, सांधे, ठिगळें व ज्वाळांचे वण टिपून घ्यावे. गांवांतील वृद्ध गुळव्यास चुलवाणाची ठेवण विचारावी आणि त्याचे शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावे. जीर्ण पोथीच्या शेवटच्या पानास आपण जो मान देतों, तोच ह्या काजळलेल्या पत्र्यास दिला पाहिजे.