इग्वाना : आहारातील वनस्पतिजन्य प्रथिने

हिरवा इग्वाना (शास्त्रीय नाव इग्वाना इग्वाना, नामकरण कार्ल लिनीअस, १७५८) हा मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण प्रदेशात झाडांवर राहणारा मोठा सरडा आहे. भारतात तो पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आला. घोरपडीशी त्याची अनेकदा गल्लत होते. घोरपड शिकारी व मांसाहारी आहे. इग्वाना मात्र अंड्यातून बाहेर पडल्यापासून पानांवर जगतो. त्यामुळे पाळलेल्या इग्वानाला लागणारी सर्व प्रथिने वनस्पतींतून, मुख्यतः हिरव्या पानांतून, मिळाली पाहिजेत.

पचन : इग्वानाचे दात पानाच्या आकाराचे व दातेरी कडांचे असतात. ते पान कापतात, चावून बारीक करत नाहीत. पानांतील तंतुमय भाग मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीवांकडून आंबवला जातो आणि त्यातून निघणाऱ्या मेदाम्लांपासून प्राण्याला ऊर्जेचा मोठा वाटा मिळतो. पनामातील इग्वानांवर कॅथरीन ट्रॉयर यांनी केलेल्या अभ्यासातून (१९८२) असे दिसले, की पिले मोठ्या इग्वानांची विष्ठा खाऊन हे सूक्ष्मजीव मिळवतात.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र या व्यवस्थेला एक मर्यादा आहे. गाईच्या पोटात आंबवण्याची क्रिया आधी होते आणि पचन नंतर. त्यामुळे पोटात वाढलेले सूक्ष्मजीवही पचतात व निकस चाऱ्यातूनही तिला प्रथिने मिळतात. इग्वानात क्रम उलटा आहे. प्रथिने लहान आतड्यात शोषली जातात, सूक्ष्मजीव मात्र त्यापुढच्या आतड्यात असतात. तिथे तयार झालेली प्रथिने बहुतांशी विष्ठेबरोबर वाया जातात. म्हणून मूळ पानच सकस असावे लागते. जंगलातील पिले जास्त प्रथिनांची, सहज पचणारी कोवळी पाने निवडतात, त्याचे कारण हेच.

पानांतील प्रथिने : हिरव्या पानात विरघळणाऱ्या प्रथिनांचा सर्वांत मोठा भाग प्रकाशसंश्लेषण घडवणाऱ्या रुबिस्को या विकराचा असतो आणि त्यातील ॲमिनो आम्लांचे प्रमाण बरेच संतुलित असते. पानात प्रथिने नसतात, ही समजूत पाण्यामुळे होते. ताज्या पानात बहुधा तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असते, म्हणून आकडा लहान दिसतो. पाण्याचा भाग वगळून, म्हणजे शुष्क वजनावर मोजले, तर तुतीच्या पानांत साधारण १५ ते २५ टक्के प्रथिने भरतात. शेवग्याची पानेही त्याच तोडीची, किंबहुना थोडी सरस: ताज्या १०० ग्रॅम पानांत सुमारे ६ ते ९ ग्रॅम प्रथिने आणि भरपूर कॅल्शियम. महाराष्ट्रात ही दोन्ही झाडे सहज वाढतात, त्यामुळे इथल्या पाळणाऱ्याला परदेशी डबाबंद खाद्यावर विसंबण्याची गरज नाही. लसूणघास (अल्फाल्फा) हा तिसरा उत्तम स्रोत. त्याची ताजी पाने किंवा सशांसाठी मिळणाऱ्या वाळलेल्या गोळ्या भिजवून देता येतात. मोड आणलेले लसूणघासाचे बी मात्र त्याचा पर्याय नव्हे. बियांत व कोंबांत कॅनाव्हानीन हे अपायकारक ॲमिनो आम्ल असते. जास्वंदीची पाने व फुले, मोहरीची व सलगमाची पाने यांनी आहारात विविधता येते.

सुबाभूळ शेळ्यांचा चारा म्हणून सर्वत्र दिसते व तीही प्रथिनांनी समृद्ध आहे. तरी ती इग्वानाला देऊ नये: तिच्यातील मिमोसिन विषारी आहे. पालक व चाकवत यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून या भाज्या रोजच्या नव्हेत.

कडधान्ये व सोयाबीन : 'प्रथिने कमी पडतील' या काळजीने शिजवलेली डाळ, हरभरे किंवा टोफू देण्याकडे कल असतो. काळजी खरी असली तरी उपाय चुकीचा आहे. डाळींत फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. हरभऱ्यात तो चौपटीच्या आसपास जातो. इग्वानाच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असणे इष्ट, निदान ते फॉस्फरसहून कमी तरी नसावे. हे प्रमाण बिघडले की शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते. जबडा सुजतो, पाय थरथरतात, हाडे किरकोळ आघाताने मोडतात. शिवाय डाळींत मेथिओनीन हे ॲमिनो आम्ल कमी असते. अधूनमधून चार मऊ दाणे दिल्याने नुकसान होत नाही, पण त्यांना आहाराचा आधार करू नये. वालाच्या, वाटाण्याच्या वेलीची पाने हा त्याहून चांगला पर्याय.

प्राणिज प्रथिने : इग्वाना पाळण्याच्या जुन्या पुस्तकांत कुत्र्या-मांजरांचे खाद्य, अंडी, कीटक देण्याची शिफारस असे. अशा आहारावर पिले झपाट्याने वाढतात, म्हणून ती शिफारस दीर्घकाळ टिकली. पण इग्वाना प्रथिनांतील नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतो. प्रथिनांचा अतिरेक आणि पाण्याची कमतरता एकत्र आली, की मूत्रपिंडावर ताण येतो व युरिक आम्लाचे खडे सांध्यांत आणि आतील अवयवांत साचतात. मूत्रपिंडाचे विकार हे प्रौढ पाळीव इग्वानांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. आज सरीसृपांचे पशुवैद्य प्राणिज खाद्य पूर्ण टाळण्यास सांगतात, आणि ते योग्यच आहे.

प्रमाण व परिस्थिती : वाढत्या पिलाला व अंडी धरलेल्या मादीला जास्त प्रथिने लागतात, प्रौढ नराला कमी. पिलाला बारीक चिरलेली कोवळी पाने रोज द्यावीत. पाने कीटकनाशकाची फवारणी न झालेली असावीत, धुऊन ओलीच द्यावीत, कारण इग्वाना बरेचसे पाणी अन्नातूनच घेतो. त्याचे शरीर दिवसा ३० ते ३५ अंश सेल्सियसच्या आसपास तापले नाही, तर सकस पानही नीट पचत नाही. कॅल्शियम शोषण्यासाठी लागणारे ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होण्यास अतिनील किरणे हवीत. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने ते साधत नाही. भूक मंदावली किंवा वाढ खुंटली, तर आपल्या मनाने प्रथिने वाढवू नयेत. आधी पिंजऱ्याचे तापमान तपासावे आणि सरीसृपांच्या जाणकार पशुवैद्याकडून रक्तातील युरिक आम्ल, कॅल्शियम व फॉस्फरस तपासून घ्यावे.