अपुरे धनुष्य : ओट्झीच्या अखेरच्या दिवसांची साक्ष

१/ १९ सप्टेंबर १९९१. आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया-इटली सीमेवरील टिझेनयोख खिंडीजवळ सुमारे ३,२१० मीटर उंचीवर हेल्मुट व एरिका सिमोन या जर्मन दांपत्याला बर्फात अर्धवट रुतलेला एक मृतदेह दिसला. प्रारंभी तो एखाद्या अपघातग्रस्त गिर्यारोहकाचा असावा असे वाटले. प्रत्यक्षात तो पाच हजार वर्षांहून जुना होता. #थ्रेड

२/ हाच ‘ओट्झी’. त्याचा काळ इ.स.पू. ३३५० ते ३१०० च्या दरम्यानचा. म्हणजे सिंधू संस्कृतीची मोठी नगरे उभी राहण्याच्याही काही शतके आधीचा. त्याच्या तांब्याच्या कुऱ्हाडीविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र त्याच्या अखेरच्या दिवसांविषयी अधिक बोलते ते जवळच सापडलेले एक लाकडी धनुष्य. ते अपुरे आहे.

३/ हे धनुष्य ‘यू’ वृक्षाच्या लाकडाचे आहे. यू हा संथ वाढणारा, बहुधा लहानखुरा सूचिपर्णी वृक्ष. हिमालयात त्याचाच भाऊबंद ‘थुनेर’ या नावाने ओळखला जातो. आल्प्समध्ये यू दऱ्याखोऱ्यांत आणि उतारांवरील जंगलात वाढतो. खिंडीच्या उंचीवर नव्हे. अर्थात हे लाकूड खालूनच वर आणलेले होते.

४/ यूच का? धनुष्य वाकते तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि धनुर्धराकडची आतली बाजू दाबली जाते. यूचे सालीलगतचे फिकट लाकूड ताण उत्तम सोसते, तर तांबूस गाभा दाब सोसतो. एकाच खोडात दोन्ही गुण असणारी झाडे विरळाच. म्हणूनच पुढे युरोपात हजारो वर्षे धनुष्यासाठी यूलाच पहिली पसंती राहिली.

५/ झाड तोडणे हा या कामाचा सोपा भाग. ओट्झीच्या कुऱ्हाडीसारखी तांब्याची कुऱ्हाड घेऊन प्रयोग झाले, तेव्हा मध्ये धार न लावताही यूचे झाड सुमारे ३५ मिनिटांत पाडता आले. त्या कुऱ्हाडीचा दांडाही यूचाच होता. आपल्या परिसरातील झाडांची पारख या माणसाला नेमकी होती.

६/ खरे कौशल्य पुढचे. आधी कुऱ्हाडीने तासून दांड्याला ढोबळ आकार द्यायचा. मग गारगोटीच्या पात्याने थोडे थोडे खरवडायचे, वाकवून पाहायचे, पुन्हा खरवडायचे. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. एका जागी लाकूड जास्त निघाले, तर सारा ताण तिथेच येतो आणि धनुष्य मोडते.

७/ ओट्झीचे धनुष्य पहिल्याच टप्प्यावर थांबले आहे. लांबी सुमारे १.८२ मीटर, तर ओट्झीची उंची सुमारे १.६० मीटर. पृष्ठभागावर कुऱ्हाडीचे घाव आजही स्पष्ट दिसतात. गुळगुळीत करण्याचे काम झालेले नाही. टोकांना दोरी अडकवण्यासाठी खाचाही नाहीत.

८/ भात्याची अवस्थाही तशीच. त्यात १४ बाण होते, बहुतेक व्हायबर्नम नावाच्या झुडपाच्या सरळ फांद्यांचे. त्यांपैकी गारगोटीचे टोक आणि पिसे बसवलेले केवळ दोन, आणि तेही मोडलेले. त्याच भात्यात कंडरांपासून वळलेली, सुमारे दोन मीटर लांबीची दोरी होती. ती धनुष्याचीच असावी असे संशोधक मानतात.

९/ मग काम का थांबले? ओले लाकूड वाळू देण्यासाठी ते बाजूला ठेवले असेल, ही एक शक्यता. पण आणखी दोन पुरावे आहेत. त्याच्या उजव्या हातावर, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधीची खोल जखम होती. शिवाय २०१८ मधील अभ्यासानुसार त्याची गारगोटीची हत्यारे धार लावून लावून झिजली होती. नवी गारगोटी जवळ नव्हती.

१०/ हे दोन पुरावे धनुष्याशेजारी ठेवून पाहावेत. शेवटच्या नाजूक टप्प्याला हवा असतो स्थिर हात आणि धारदार पाते. ओट्झीकडे दोन्ही नव्हते. त्याच्या आतड्यांतील परागकण सांगतात की अखेरच्या एक-दोन दिवसांत तो खाली दरीत उतरून पुन्हा वर चढला होता. जखमी हाताने, वापरता येईल असे धनुष्य नसताना.

११/ २००१ मध्ये क्ष-किरण तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाग्र आढळले. बाण पाठीमागून आला होता आणि त्याने मोठी रक्तवाहिनी फाडली होती. कुऱ्हाडीसारखी मौल्यवान वस्तू मात्र मागेच राहिली. स्वतःचे धनुष्य पुरे होण्याआधीच ओट्झी दुसऱ्या कुणाच्या तरी पुऱ्या झालेल्या धनुष्याला बळी पडला.

१२/ १९९१ मध्ये बर्फातून काढताना हे धनुष्य मोडले. उरलेले टोक पुढच्या वर्षीच्या उत्खननात मिळाले. आज ते इटलीतील बोल्झानोच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ते पुरे झाले असते, तर त्या काळचे धनुष्य कसे असे एवढेच त्याने सांगितले असते. अपुरे राहिल्यामुळे ते सांगते, की एका माणसाला किती थोडा अवधी मिळाला.

(समाप्त)