कँटनचा व्यापार आणि शेठ मोतीशा

मुंबईच्या जैन समाजात शेठ मोतीचंद अमीचंद तथा मोतीशा शेठ (१७८२-१८३६) यांचे नाव भायखळ्याचे आदीश्वर मंदिर आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूंक यांमुळे आदराने घेतले जाते. त्यांच्या चीनशी चाललेल्या व्यापाराचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. जमशेटजी जिजीभाई, महंमद अली रोगे आणि गोमंतकीय रोजेरियो द फारिया हे त्या व्यापारातील त्यांचे सहकारी होते. जैन, पारशी, मुसलमान आणि ख्रिस्ती व्यापारी परस्परांच्या शब्दावर एकत्र आले, ही त्या काळातील विशेष गोष्ट होय.

१७५७ पासून चीनच्या सम्राटाने पाश्चात्त्य व्यापार कँटन या एकाच बंदरापुरता मर्यादित केला होता. तेथे चहा व रेशीम निर्यात करण्याचा अधिकार सरकारमान्य ‘होंग’ व्यापाऱ्यांकडे असे. मुंबईहून तिकडे मुख्यतः कापूस आणि अफू जाई. अफूला चीनमध्ये बंदी असल्याने ती लिंटिन बेटापाशी नांगरलेल्या जहाजांवरून चांदी घेऊन विकली जाई. ही चांदी कँटन येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या खजिन्यात भरली की लंडन किंवा कलकत्त्यावरची हुंडी मिळे आणि त्याच चांदीतून कंपनी चहा खरेदी करी. कंपनीची मक्तेदारी १८३४ मध्ये संपेपर्यंत चिनी निर्यातीचे भांडवल अशा रीतीने बऱ्याच अंशी हिंदुस्थानी मालातून उभे राहत होते.

होंग व्यापाऱ्यांना मात्र चहाच्या पुरवठादारांस आगाऊ रक्कम द्यावी लागे, शिवाय दरबारच्या मागण्याही पुरवाव्या लागत. त्यामुळे अनेकांनी परदेशी सावकारांकडून जबर व्याजाने कर्जे काढली. १७८० मध्ये दोन बुडालेल्या होंगांचे देणे इतरांनी मिळून दहा वर्षांत बिनव्याजी फेडावे, असा हुकूम निघाला आणि त्यासाठी सामाईक निधी उभारण्यात आला. हेतू चांगला होता. परंतु एक बुडाला तरी बाकीचे भरतील, या भरवशावर सावकार ऋणकोची ऐपत न पाहता कर्ज देऊ लागले. १८३७ मध्ये हिंगताई होंग वीस लाखांहून अधिक डॉलरच्या देण्यासह बुडाला. १८४२ च्या नानकिंग तहात होंगांच्या थकलेल्या देण्यापोटी चीनला तीस लाख डॉलर भरावे लागले आणि होंगांची मक्तेदारीही संपली. याच काळात हौक्वा तथा वू बिंगजियान यांनी आपली पत अखेरपर्यंत राखली. १८३४ मध्ये त्यांनी आपली संपत्ती दोन कोटी साठ लाख डॉलर असल्याचे सांगितले होते.

या इतिहासात एक अवघड प्रश्नही आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा समावेश आहे. अफूचे उत्पादन व विक्री यांतून ब्रिटिश सरकारच महसूल मिळवीत होते, हे खरे. तरी त्या मालाने चीनमधील असंख्य कुटुंबांची झालेली हानी पुसता येत नाही. १८३४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या पांजरापोळीत मुक्या जिवांना मोतीशा शेठ आणि जमशेटजी यांच्या दातृत्वामुळे आश्रय मिळाला, हेही तितकेच खरे. दोन्ही सत्ये पूर्वजांच्या चरित्रात शेजारी शेजारी ठेवणे, हाच त्यांचा खरा आदर होय.

धर्मादाय निधीची राखण करणाऱ्या संस्थेस कँटनचा हा इतिहास दोन गोष्टी शिकवितो. सामाईक जबाबदारी असली तरी प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे पारखावा. आणि दान स्वीकारताना ते किती आहे याबरोबरच कोणत्या वाटेने आले आहे, याचाही विवेक ठेवावा.