त्रयस्थ कोडने निर्माण केलेल्या थ्रेडची समाप्ती

त्रयस्थ कोडने निर्माण केलेल्या थ्रेडची समाप्ती हा जावा, डॉटनेट यांसारख्या व्यवस्थापित रनटाइममधील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. आज्ञावलीत वापरलेली बाहेरची लायब्ररी स्वतःचे थ्रेड सुरू करू शकते. असे थ्रेड काम संपल्यावरही चालू राहिल्यास स्मृती अडकून पडते आणि प्रसंगी आज्ञावली बंदच होत नाही. अपॅची टॉमकॅट हा सर्व्हर वेब अनुप्रयोग थांबवताना मागे उरलेले थ्रेड शोधून लॉगमध्ये तसा इशारा नोंदवतो.

सक्तीची समाप्ती

जावामधील 'स्टॉप' ही मेथड लक्ष्य थ्रेडमध्ये 'थ्रेडडेथ' ही त्रुटी निर्माण करीत असे. त्यामुळे थ्रेडने धरलेले मॉनिटर लॉक सुटत आणि अर्धवट बदललेली माहिती इतर थ्रेडना उपलब्ध होई. उदाहरणार्थ, एका खात्यातून रक्कम वजा झाल्यावर, पण दुसऱ्या खात्यात जमा होण्यापूर्वी थ्रेड थांबल्यास हिशेब विसंगत राहतो. या धोक्यामुळे १९९८ मधील जावा १.२ पासून ही मेथड कालबाह्य ठरवली गेली. २०२३ मधील जावा २० मध्ये ती थ्रेड न थांबवता केवळ अपवाद निर्माण करू लागली. डॉटनेट फ्रेमवर्कमधील 'अबॉर्ट' या मेथडला डॉटनेट कोअरमध्ये आधार नाही.

सहकार्याने समाप्ती

जावामधील 'इंटरप्ट' ही केवळ विनंती असते. 'स्लीप' किंवा 'वेट' अवस्थेतील थ्रेडला ती अपवादाच्या रूपाने कळते. सतत गणन करणाऱ्या थ्रेडने मात्र स्वतःहून तिची तपासणी करावी लागते. डॉटनेटमध्ये 'कॅन्सलेशन टोकन' याच तत्त्वावर चालते. त्रयस्थ कोड विनंतीकडे दुर्लक्ष करीत असल्यास हा मार्ग निष्फळ ठरतो. थ्रेड पारंपरिक सॉकेटवरून माहिती वाचत अडकला असल्यास ते सॉकेट दुसऱ्या थ्रेडमधून बंद करून त्याला मोकळे करता येते. लायब्ररीने स्वतःची 'क्लोज' किंवा 'शटडाउन' मेथड दिली असल्यास प्रथम तीच वापरणे इष्ट असते.

प्रक्रियेचे विलगीकरण

अविश्वसनीय कोड स्वतंत्र प्रक्रियेत चालवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय मानला जातो. प्रक्रिया संपवल्यावर तिचे सर्व थ्रेड संपतात आणि तिची स्मृती व उघड्या फाइल कार्यप्रणाली मोकळ्या करते. मात्र फाइलमध्ये अर्धवट लिहिलेली माहिती तशीच राहू शकते. शिवाय प्रक्रियांमधील संदेशवहनाचा अतिरिक्त खर्चही सोसावा लागतो.