ड्युगाँग
ड्युगाँग : (समुद्रगाय). सिरेनिया गणातील ड्युगाँगिडी कुलाचा एकमेव हयात प्रतिनिधी असलेला शाकाहारी सागरी सस्तन प्राणी. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक महासागरातील व्हानुआटू बेटांपर्यंतच्या उथळ, उष्ण समुद्रांत त्याचा वावर असून सर्वांत मोठी वस्ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील जलप्रदेशात आहे. भारतात मन्नारचे आखात, पाल्कचा उपसागर, कच्छचे आखात आणि अंदमान-निकोबार द्वीपसमूह एवढ्याच ठिकाणी तो तुरळक उरला आहे. याच कुलातील स्टेलरची समुद्रगाय १७४१ मध्ये बेरिंग समुद्रात निसर्गशास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडली आणि बेसुमार शिकारीमुळे १७६८ च्या सुमारास नामशेष झाली.

सुमारे तीन मीटर लांबीचा हा मंदगती प्राणी समुद्रतळावरील गवत मुळांसकट उपटून खातो व दररोज त्याचा तीस ते चाळीस किलोग्रॅमपर्यंत फडशा पाडतो. त्याची आयुर्मर्यादा सत्तर वर्षांची असली, तरी मादी वयात येण्यास सहा ते सतरा वर्षे लागतात, गर्भकाल तेरा-चौदा महिन्यांचा असतो आणि दोन वेतांत तीन ते सात वर्षांचे अंतर पडते. परिणामी सर्वथा अनुकूल परिस्थितीतही त्याची संख्या वर्षाला पाच टक्क्यांहून अधिक वेगाने वाढू शकत नाही, आणि एका प्रौढ मादीच्या मृत्यूने झालेली हानी भरून येण्यास दीर्घ काळ जावा लागतो.

पूर्वी मांसासाठी होणारी शिकार हे त्याच्या ऱ्हासाचे मुख्य कारण होते. आता पाण्यात उभ्या लावलेल्या जाळ्यांत गुरफटून, श्वासासाठी पृष्ठभागावर येता न आल्याने होणारे मृत्यू, ट्रॉलरच्या जाळ्यांनी खरवडली जाणारी गवताची कुरणे, गाळ आणि सांडपाणी ही कारणे प्रबळ झाली आहेत. भारतातील संख्येचा अंदाज दोन-अडीचशेंच्या आसपास केला जातो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश असल्याने त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय ड्युगाँग करारावर भारताने २००८ मध्ये स्वाक्षरी केली, आणि २०१६ पासून भारतीय वन्यजीव संस्थेच्या विद्यमाने तमिळनाडू, गुजरात व अंदमान येथे पुनरुज्जीवनाची योजना जारी झाली. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरातील तंजावर व पुदुकोट्टई जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा सुमारे ४४८ चौ. किमी. जलप्रदेश देशातील पहिले ड्युगाँग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केला.

तथापि समुद्रात हद्दीचे दगड रोवता येत नाहीत, आणि जाळ्यात सापडलेला प्राणी काही मिनिटांतच गुदमरत असल्याने सरकारी गस्तीची नौका पोहोचेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो. म्हणूनच जाळे कापून प्राण्यास सोडून देणाऱ्या मच्छीमारांना रोख बक्षीस व त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या देण्याची तजवीज पुनरुज्जीवनाच्या वरील योजनेत केलेली आहे. कायद्याच्या अंमलाइतकेच महत्त्व तिलाही द्यावे लागते.