दोन शिक्षक, चार वर्ग : शिकवायची पद्धत निवडायची कशी?

मढ (ता. जुन्नर) : माळशेज घाटाच्या अलीकडे, पिंपळगाव जोगा धरणाच्या आजूबाजूला वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या लहान लहान शाळा आहेत. खाली आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातही तसंच. पहिली ते चौथी असे वर्ग चार आणि शिक्षक बहुतेक दोन. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे ६० पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे एका खोलीत दोन वर्ग, आणि एक गुरुजी मीटिंगला गेले की दुसऱ्या बाईंच्या समोर चारही. प्रशिक्षणात सांगतात त्या पद्धती मात्र बऱ्याचदा एक वर्ग, एक शिक्षक असं धरून सांगितलेल्या असतात. त्यामुळं इथं कोणती पद्धत चालेल हा प्रश्न वेगळा पडतो.

पोरगं चौथी झालं की पाचवीला दुसऱ्या गावात नाहीतर आश्रमशाळेत जातं. तिथं वाचता येतंच असं धरून पुढचं शिकवतात. ज्याला वाचता येत नाही ते मागं बसतं आणि एक दिवस घरी राहतं. म्हणून चौथीच्या आत वाचन आलं पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

पद्धत निवडायच्या आधी कोणाला काय येतं ते बघावं लागतं. 'प्रथम' संस्थेची 'असर' चाचणी २००५ पासून गावोगाव घेतली जाते, ती यासाठी सोपी पडते. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढंच. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. फक्त एकेकाला बाजूला घेऊन वाचून घ्यायचं, सगळ्यांसमोर नाही. २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. म्हणजे हा प्रश्न एकट्या डोंगरातल्या शाळांचा नाही.

चाचणी झाली की रोज तास-दीड तास इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे गट येतं त्याप्रमाणं करायचे. अक्षर-शब्दवाली मुलं एका शिक्षकाकडं, उतारा-गोष्टवाली दुसऱ्याकडं. गंमत अशी की दोनशिक्षकी शाळेला हे मोठ्या शाळेपेक्षा सोपं जातं, कारण वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एका खोलीत बसायला आधीच सरावलेली असतात. तरी चौथीचा मुलगा दुसरीतल्यांबरोबर बसायला लाजतो. त्यासाठी गटांना हिरडा, जांभूळ, करवंद अशी नावं द्यावीत, आणि महिना-दीड महिन्यानं पुन्हा वाचून घेऊन गट बदलावेत. गट वर्षभर तेच राहिले तर तो 'ढ' मुलांचा गट होतो आणि सगळं वाया जातं. तास संपला की मुलं आपापल्या इयत्तेच्या पुस्तकावर.

या पद्धतीची तपासणी झालेली आहे. ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांपैकी अभिजित बॅनर्जी (यांच्या आई मराठी) आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत 'प्रथम'च्या कामाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शिक्षकांनीच रोज एक तास असे गट करून शिकवलं, तेव्हा वाचन सुधारलं. पण तिथं वेळापत्रकात तास राखून ठेवलेला होता आणि वरची माणसं शाळेत येऊन मदत करत होती. त्याआधी काही ठिकाणी नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण देऊन पाहिलं, तिथं फारसा फरक पडला नाही. साहित्याची पेटी कपाटात ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आपल्याकडं दुसरं नाव येतं ज्ञानरचनावादाचं. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ते काम उभं केलं, राज्यभरातून शिक्षक बघायला गेले. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि शाळाशाळांतून फरश्या रंगल्या. रंग उचलला गेला, मागचं काम बऱ्याच ठिकाणी राहून गेलं. फरशीवरच्या चौकटीत मुलानं स्वतः खडे मांडले, काड्या मोजल्या तर तिचा उपयोग, नाहीतर ती नुसती नक्षी.

काड्यांचं उदाहरण घ्या. ४२ मधून १७ वजा करायचे. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि सुट्या दोन काड्या. सात द्यायच्या तर सुट्या पुरत नाहीत, मग एक गठ्ठा सोडायचा, सुट्या बारा झाल्या. त्यातल्या सात आणि एक गठ्ठा दिला की उरले पंचवीस. हातचा म्हणजे काय ते मुलाला हातानं कळतं. बाजारात चटकन हिशोब करणारं पोर वहीत अडखळतं हे ओतूरच्या बाजारातही दिसेल. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. शाळेतल्या मुलांचं उलटं, वहीतलं गणित जमतं पण बाजारातलं नाही. म्हणून हिरड्याच्या किलोच्या भावाचं गणित आधी तोंडी, मग तेच वहीत.

वाचनातही तसंच. 'उद्यान', 'पदपथ' हे शब्द महादेव कोळी किंवा ठाकर घरातल्या लेकराच्या कानावर नसतात. राब, खाचर, आवणी असतात. मुलानं त्याच्या बोलीत सांगितलेलं वाक्य फळ्यावर लिहून तेच वाचायला दिलं तर अक्षर लवकर बसतं. पुस्तकी मराठी त्याच्या पुढची पायरी. बोली चुकीची म्हणून हटकलं की मूल बोलायचंच बंद होतं.

राहिली गैरहजेरी. आवणीला घरचे शेतात, कामासाठी नारायणगावकडं गेले तर मुलंही बरोबर, नाहीतर धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण घरी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. तेवढं आज एका शिक्षकाला जमणार नाही. पण आवणी उरकून मूल परत आलं की त्याला थेट वर्गाच्या चालू पानावर न बसवता पुन्हा एकदा वाचून घेणं आणि योग्य गटात बसवणं जमतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनीही एवढंच विचारावं : माझं पोर सध्या कोणत्या गटात आहे, आणि मागच्या खेपेला कोणत्या गटात होतं?